मागची काच

गाडी घरी आली त्याच दिवशी मी मागच्या काचेवर ‘जय भीम’ लावलं. निळ्या अक्षरांत, अख्ख्या काचेभर. गाडी जुनीच, पण माझ्या पगाराची. नवरा म्हणाला, जरा लहान घ्यायचं, डोळ्यावर येतं. म्हटलं, डोळ्यावर यावं म्हणूनच लावलंय.

त्याच गाडीने आम्ही तिघी रत्नागिरीला निघालो. अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत एकाच कंपनीत तिघी पॅकिंगला आहोत. मी अंबरनाथ पश्चिमेची, दुसरी उल्हासनगरची सिंधीण आणि तिसरी बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातली, मूळची कोकणातल्या शेतकरी घरातली. बरोबर पुरुष नाही आणि चालवणार मी, म्हणून तिन्ही घरांत तोंडं वाकडी झाली होती. घाटात वळणावर मागून ट्रकवाले उगाच हॉर्न मारायचे. मी माझ्याच स्पीडने गेले, ज्याला घाई आहे त्याने उडून जावं.

रत्नागिरीत पायांचे तुकडे पडेपर्यंत फिरलो. बाजारात फणसाचे गरे घेतले, जेट्टीवर वारा खाल्ला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी जिथे आणून ठेवलं होतं, तो राजवाडा पाहताना सिंधीण पापड मोडत म्हणाली, “बंटवारे के बाद मेरी दादी को बॅरक मिली, इसको महल. घर तो दोनों का गया.” मग आम्हालाही पापड दिले. तिच्याकडे कुठल्याही प्रसंगाला पापड असतो.

मुक्काम पुढे समुद्राकाठच्या एका गावात होता. घरगुती राहण्याजेवणाची खोली हेंद्रेपाडावालीने आईच्या ओळखीच्या एका मावशींकडे फोनवर ठरवली होती. गाव दिसायला लागल्यावर ती म्हणाली, “ऐक ना. मावशीने फोनवर विचारलेलं, सगळ्या आपल्यातल्याच ना? मी हो बोलले. तुला आडनाव विचारलं तर माझं सांग. एका रात्रीचा तर प्रश्न आहे. आणि गाडीची पाठ भिंतीकडे कर.”

मी गाडी बाजूला घेतली. रागाने हँडब्रेक खसकन ओढला. रोज दुपारी माझ्या डब्यातलं सुकट आधी संपवणारी ही बाई. परकी असती तर दोन शिव्या हासडून मोकळी झाले असते.

“और मैं कौन से आडनाव की?” सिंधिणीने मागून विचारलं. मी गाडी परत रस्त्यावर घेतली.

अंगणात शिरले आणि गाडी अशी लावली की मागची काच थेट ओटीसमोर आली. उतरले, मावशींना नमस्कार केला आणि त्यांनी विचारायच्या आत माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. मावशींनी काच वाचली. मग आवाजात साखर घालून त्या माझ्या मैत्रिणीला म्हणाल्या, “तुम्ही दोघी राहा गो. यांची सोय खाली बौद्धवाडीत होईल. त्यांनाही आपल्या माणसांत बरं वाटेल.”

मला बरं कुठे वाटेल हे ठरवणाऱ्या या कोण? “बरोबर आहे मावशी,” मी म्हटलं, “माणसांतच बरं वाटतं.” आणि गाडीत जाऊन बसले. सिंधीण तर उतरलीच नव्हती. हेंद्रेपाडावाली पायरीवर बॅग धरून उभी. मी इंजिन चालू केलं. हाक मारणार नव्हते. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीला अशा वेळी हाक मारावी लागत असेल, तर ती मैत्री तिथेच ओटीवर राहिलेली बरी. पण डोळे आरशावरच होते.

दार उघडून ती मागे बसली. मी गिअर टाकला.

खालच्या वाडीत नळावरच्या एका आजीने काच वाचली आणि लांबूनच विचारलं, “जय भीम. कुठच्या गो तुम्ही?” कोण कुणाची हे तिने विचारलंच नाही, विचारलं ते मासे चालतात का. तिच्या पडवीत आम्ही बांगड्याचं कालवण भाकरीबरोबर ओरपलं. हेंद्रेपाडावाली खाली मान घालून जेवत होती. आजीने तिला आग्रहाने आणखी एक तुकडी वाढली, तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिखट लागलं म्हणाली. मी अजून बोलत नव्हते. राग भाकरीबरोबर गिळता येत नाही.

सकाळी समुद्रात मनसोक्त भिजून निघालो. रस्ता मावशींच्या दारावरूनच जातो. मी सरळ पुढे जाणार होते, तर मागून आवाज आला, “थांबव.”

हेंद्रेपाडावाली ओल्या कपड्यांनीच उतरली. मावशी तुळशीला पाणी घालत होत्या. फाटकातूनच तिने सांगितलं, “मावशी, फोनवर मी खोटं बोलले. सगळ्या आपल्यातल्या नव्हत्या. पण रात्री सोय चांगली झाली. माझीपण. जेवले, झोपले, तिथलंच पाणी प्याले. गावी आईला कळवायचं तर खुशाल कळवा.”

परत येऊन ती या वेळी पुढे, माझ्या शेजारी बसली. मावशींना काच नीट वाचता यावी म्हणून मी गाडी अगदी सावकाश काढली.