वरचा कापूस

मी सिंदी (रेल्वे) सोडली त्या दिवशी अख्खी सिंदी प्लॅटफॉर्मवर लोटली होती. बँड तेवढा राहिला. आता खरं सांगायचं तर बाबा, आई, शेजारच्या काकू आणि काकूंचं कुत्रं. पण गाडीच्या दारातून तेवढेच हजारभर दिसतात, हे माझ्यासारख्या सटकलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. मी पुण्याला संख्याशास्त्र शिकायला निघाले होते. बाबांनी खिडकीतून डबा आत दिला आणि म्हणाले, "कोपरापर्यंत हात घातल्याशिवाय काई बोलू नोको, पोरी."

आई डाफरली, "अवो, पोरगी शिकाले चालली, कापूस पाहाले नाई!"

बाबा कापसाचे ग्रेडर, बाजाराच्या यार्डात आलेल्या मालाची प्रत ठरवणारे. बंडी, म्हणजे आमच्याकडची बैलगाडी, यार्डात आली की तिच्यात वरती पांढराशुभ्र कापूस रचलेला असायचा, आणि पोटात ओला, पिवळा, किडून कवडीसारखा कडक झालेला. बाबा वर बघायचेच नाहीत. बाही सरकवून चार जागी हात खुपसायचे, मूठ बाहेर काढायचे, बोटांनी धागा ओढायचे आणि निकाल. त्या बोटांना कापूस शेताच्या कोणत्या धुऱ्याजवळचा, म्हणजे बांधाजवळचा, वेचणारीचं त्या सकाळी सासूशी वाजलं होतं की नाही, इतकं कळायचं. यातलं निम्मं मी वाढवलंय. कोणतं निम्मं ते नाही सांगणार. पण हे सगळं मी त्या हातांसाठीच लिहितेय, म्हणून आधी त्यांची ओळख.

पुण्यात पहिला दणका पहिल्याच सत्रात बसला. मॅडमनी सर्वेक्षण करायला सांगितलं. मी मेसमध्ये जेवता जेवता तीस जणींना विचारून मोकळी झाले आणि रुबाबात लिहिलं: कॉलेजातल्या सर्व विद्यार्थ्यांना इथली भाजी गोड लागते, शंभर टक्के. मॅडमनी वर्गासमोर वही उघडली.

"या तीस जणी कुठल्या गं?"

"हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, सेलू..."

"म्हणजे तू आपल्या वर्ध्याकडच्यांच्या टेबलावरच विचारलंस. कॉलेज कुठंय यात?"

वर्ग इतका हसला की पर्वती दोन इंच सरकली. मी खोलीवर येऊन बाबांना फोन लावला, रडत. तिकडून आधी हसू आलं, मग आवाज. "वरचाच कापूस उचलला न वं तुनं!"

मी रडायची थांबले. चार वर्षं शिकवून मॅडम ज्याला यादृच्छिक नमुना म्हणणार होत्या, ते बाबा दहावी नापास असून रोज सकाळी हातानं करत होते! पुढच्या वेळी मी हजेरीपटातल्या सगळ्यांच्या नंबरांच्या चिठ्ठ्या केल्या, तीस उचलल्या आणि ज्यांच्याशी कधी बोलले नसते अशांची दारं ठोठावली. अर्ध्यांना भाजी तिखट लागत होती! मला धक्काच. पण पास झाले, नोकरी लागली, आता पुण्यातच आकड्यांवर पोट भरते आणि मीटिंगमध्ये साहेबांना विचारते, "सॅम्पल कुठून उचललं?"

आणि घर? घर एकदम फस्ट. दर दिवाळीला चार दिवस जायचे. फाटकात बाबा, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, हात मागे बांधून उभे. अलीकडे त्यांचं जेवण नेहमी माझ्याआधीच उरकलेलं असायचं. दर रविवारी दहाला व्हिडिओ कॉल. बाबांचा चेहरा मधोमध, चित्र जराही हलायचं नाही. मी ऑफिसात मिरवायचे, "या वयात हात बघा कसा स्थिर! पोतं एका हातानं फेकतात अजून."

यंदा नागपूरला ऑफिसचं काम निघालं. एक दिवस लवकर सुटले आणि कोणाला न सांगता पॅसेंजर पकडून सिंदीला उतरले. साधा मंगळवार होता. सण नाही, काही नाही.

ओसरीत बाबा खुर्चीवर बसले होते. आई त्यांच्या शर्टाची बटणं लावत होती. बाबांचे दोन्ही हात मांडीवर, आणि ते हात थांबतच नव्हते. वाऱ्यात पान हलतं तसे नाहीत, पान दमतं तरी. समोरच्या स्टुलावर कायमचा मांडल्यासारखा स्टीलचा डबा, त्याला टेकवलेला फोन. माझा स्थिर हात तो. डबा!

मी पुढे होऊन डबा उचलला; फोन आडवा पडला.

"दोन वर्षं झाली," आई माझ्याकडे न बघता म्हणाली. "यार्ड सुटलं. रविवारी आठपासून तुह्या फोनची तयारी करतो आमी."

मग मी, जी अर्ध्या वर्धा जिल्ह्याच्या वाटचं एकटी बोलते, भांडायलाच लागले. "बाबा, जन्मभर लोकायले पकडलं तुमी, अन् माह्यासाठी तुमीच वरतून चांगला कापूस रचला?"

बाबांनी हात लपवायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. "रचला. मंग? तू दूर नोकरीवाली, तुले काऊन घोर लावू?" मग माझ्याकडे पाहिलं. "अन् तू? नऊ वर्षं झाली, आज हात घातला आत. ग्रेडरची पोरगी न वं तू?"

तो धक्का अजून ओसरला नाही. मेसमधल्या तीस जणींवरून वर्गाचं हसू झेललेली मी, नऊ वर्षं दिवाळीच्या चार दिवसांवरून घराचा निकाल देत होते.

मी पुण्याला परतले ती एक काम करायला. वर्षभराच्या तारखांच्या चिठ्ठ्या केल्या आणि मी सिंदी सोडताना बाबांनी गाडीच्या खिडकीतून दिलेल्या त्या डब्यात भरल्या. प्रत्येक महिन्याची एक उचलते आणि त्या तारखेला जाते, न कळवता. साहेब वैतागतात. मी म्हणते, नमुन्याचं काम आहे.

मागच्या चिठ्ठीला गेले तेव्हा बाबांच्या अंगावर चुरगळलेलं बनियन होतं, शर्ट खांद्यावर उघडाच. मला फाटकात पाहून ते गडबडले नाहीत. हातही मागे नेले नाहीत.

"आली वं इन्स्पेक्टर," आईला ओरडून म्हणाले, आणि बटणं लावायला माझ्यासमोर छाती पुढे केली.