लाल तिकोनाची पुस्तकं

लहान मुलांच्या पुस्तकांचा माझ्या साडूंइतका कसून अभ्यास केलेला माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्या अभ्यासानं इतका गोंधळून गेलेला माणूस तर उभ्या महाराष्ट्रात नसेल. युसूफ वडगाव या गावात त्यांचं बियाणांचं आणि औषधांचं दुकान आहे. औषधं म्हणजे पिकावर फवारायची. कुठल्या किडीला कुठली बाटली, पंपाला किती झाकणं, हे ते झोपेतून उठवलं तरी सांगतील. पण दुसरीतल्या लेकीच्या हातात गोष्टीचं पुस्तक द्यायची वेळ आली की या माणसाचं तळ्यात-मळ्यात सुरू होतं आणि ते काही केल्या संपत नाही.

पुस्तकं बहुतेक मीच नेतो. मी बीडला राहतो, शाळेत शिकवतो, आणि भाचीला पुस्तकं द्यायची मला हौस आहे. पण मी दिलेलं पुस्तक भाचीपर्यंत कधी थेट पोचलेलं नाही. मधे तिचे वडील उभे. आधी ते स्वतः वाचणार, गल्ल्यावर बसून, ओळीखाली बोट धरून. एकदा मी सशाच्या पोराची गोष्ट नेली. ते पोर आईला न सांगता चांदणं बघायला जातं आणि परत येतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी साडूंचा फोन. "पावनं, त्ये पोरगं न सांगता गेलतं, आन् परत आल्यावर त्याची माय त्याला कायबी बोल्ली न्हाई. आसं कावून?" मी म्हटलं, सुखरूप आलं म्हणून आनंद झाला असेल तिला. "व्हय, पर आमची पोरगी उद्या तशीच गेली म्हंजे?" पुढच्या खेपेला मी मुद्दाम एका गुणी मुलाची गोष्ट नेली. तो पहाटे उठतो, दात घासतो, सगळ्यांचं ऐकतो, कुणाशी भांडत नाही. ती वाचून साडू काळजीनं म्हणाले, "ह्ये लेकरू आजारी हाय का?"

बरं, एकट्याच्या मतावर त्यांचा विश्वास नाही. दुकानात येईल त्याच्यापुढं ते पुस्तक धरतात. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, यातला लांडगा फारच चांगला वागतो, मुलांचा गैरसमज होईल. कापसाचं औषध न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक राजाराणीची गोष्ट संपेपर्यंत बसून राहिलं आणि "राणीचं चुकलं" एवढं सांगून औषध न घेताच निघून गेलं. शेजारच्या दुकानात विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देणारे चाचा हा सगळा प्रकार रोज बघतात. ते एकदा वैतागून म्हणाले, "पोरगी की शादी तक टेस्टिंग चलती क्या तुमारी?" साडूंनी त्यावरही विचार केला. मग आणखी एकाला विचारलं.

शेवटी त्यांनी धंद्यातलाच मार्ग काढला. फवारणीच्या औषधावर रंगीत तिकोन असतो. हिरवा म्हणजे सगळ्यात सौम्य, मग निळा, मग पिवळा, आणि लाल म्हणजे अति जहाल विष. साडूंनी रंगीत चिकटपट्टीचे तसेच तिकोन कापून पुस्तकांवर लावले. हिरवी लेकीनं खुशाल वाचावी, निळी आईजवळ बसून, पिवळी पुढच्या वर्षी, आणि लाल ती मोठी झाल्यावर. मी विचारलं, "लाल कशाला लावता?" "ज्यात कुनाची माय मरती, त्याला." त्यांची स्वतःची आई ते पहिलीत असताना गेली, हे मला बायकोकडून ठाऊक होतं. पण मनातून मला पोरीची खरंच काळजी वाटू लागली. तिच्या वाट्याला येणाऱ्या हिरव्या पुस्तकांत काही म्हणजे काही घडत नव्हतं. असंच चाललं तर तिला वाचायची गोडी लागायची कधी?

या दिवाळीत गेलो तर दुकानात वेगळाच घोळ. भाचीनं लाल तिकोनाची सगळी पुस्तकं वाचून टाकली होती, आणि साडू घामाघूम होऊन तिच्यापुढं उभे होते. "आगं, लाल तिकोन दिसला न्हाई का तुला?"

"दिसला की. म्हून तर आधी त्येच वाचले."

साडूंना काही कळेना. मलाही कळेना. पोरगी मात्र आम्हां दोघांकडं, यांना एवढं साधं कसं समजत नाही, अशा नजरेनं बघत होती. "लाल म्हंजे सगळ्यात भारी न, पप्पा? दुकानात समदे त्येच मागत्यात. मालक, लालच द्या, बाकीच्यानं फरक पडत न्हाई, आसं म्हनत्यात."

चिकटपट्टी कापण्याच्या नादात साडूंनी तिकोनाचा अर्थ लेकीला सांगितलाच नव्हता. दुकानदाराची पोर आहे, तिला ठाऊकच असणार, असं ते धरून चालले होते.

"ती बगळ्याच्या पिल्लाची गोष्ट बी वाचली?" साडूंनी हळूच विचारलं.

"वाचली. लई रडले. मग परत वाचली."

"परत कावून?"

"रडू येत हुतं, म्हून पहिल्यांदा शेवट नीट वाचता आला न्हाई." मग तिनं विचारलं, "तुमी वाचला का शेवट?"

साडू माझ्याकडं बघायला लागले. पिल्लाची आई मरते त्या पानावरच त्यांनी पुस्तक मिटून लाल तिकोन लावला होता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"मला वाटलं," ते म्हणाले, "माय गेल्यावर त्ये पिल्लू बी जगत न्हाई."

आई गेल्यावर कुणाकुणाच्या घरी वाढलेला, दुकान आणि संसार उभा केलेला हा माणूस हे बोलत होता आणि त्याचं त्यालाच काही जाणवत नव्हतं. इतकी वर्षं मी यांची टिंगल करत आलो आहे.

"जगतंय की, पप्पा," भाची म्हणाली. "लई मोठं हुतंय." तिनं त्यांना खताच्या पोत्यावर बसवलं, शेजारी बसली आणि शेवटची पानं वाचून दाखवली. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं होतं, पण साडूंचं तिकडं लक्ष नव्हतं. वाचून झाल्यावर ते म्हणाले, "परत एकदा वाच."