साडेतीन मिलिमीटरची माशी

कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात चौतीस वर्षं मायक्रोस्कोप पुसणाऱ्या, मांडणाऱ्या आणि पोरांनी मोडले की गुपचूप दुरुस्त करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळे. सख्खं भाचरू मात्र एकही नाही. एक धाकटी बहीण होती, तिला मूलबाळ नव्हतं, आणि मावशींनी लग्नच केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारणाऱ्यांना त्या "वेळ झाला नाही" असं सांगत. ते खरंही असेल.

निवृत्तीच्या दिवशी त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते त्यांनी काखेत मारलं आणि भंगारात काढलेला एक मायक्रोस्कोप मागून घेतला. त्याचं भिंग तडकलं होतं, पण बारीक फोकसचा स्क्रू लोण्यातून फिरल्यासारखा फिरत होता. जाता जाता कपाटातली एक काड्यापेटीएवढी डबीही त्यांनी उचलली. ती कुणालाच नको होती.

त्या डबीत टाचणीवर डिंकाने चिकटवलेली एक माशी होती. गांधीलमाशीची दूरची चुलत बहीण म्हणावी अशी, लांबी साडेतीन मिलिमीटर. सव्वीस वर्षांपूर्वी प्रयोगशाळेच्या खिडकीत मावशींनीच ती पकडली होती. विभागप्रमुख सरांनी ती भिंगाखाली बराच वेळ पाहिली होती आणि म्हणाले होते, "मावशी, ही माझ्या ओळखीची नाही. कदाचित कुणाच्याच नसेल. नवी निघाली तर नाव तुमचं देऊ." त्याच वर्षी सर वारले. बोलणं तिथेच राहिलं. असलं बोलणं कुणी मनावर घ्यायचं नसतं, पण मावशींनी घेतलं होतं.

घरी येऊन डबी उघडली तर माशीचा मागचा एक पंख तळाशी पडलेला. नुसतं फुंकलं तरी उरलेलीही विस्कटेल अशी तिची दशा. पोस्टाने कुठे पाठवायची सोयच नव्हती. सरांचा एक विद्यार्थी होता, सगळ्यात जास्त काचपट्ट्या फोडणारा. त्याला सगळे चष्मिस म्हणत. तो आता कुठल्याशा मोठ्या संग्रहालयात अशाच माश्यांचा जाणकार झाला होता. त्याला निदान फोटो तरी पाठवायला हवा होता.

इतक्या जवळून फोटो काढताना केसाच्या जाडीएवढाच भाग स्पष्ट येतो. मिशा नीट दिसल्या की डोळा धूसर, डोळा धरला की पाय गायब. म्हणून माशी कणाकणाने पुढे सरकवत ऐंशी फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर त्यांतला स्पष्ट स्पष्ट भाग जुळवून एक चित्र करायचं. तशी सरकपट्टी विकत मिळते, पण मावशींना विकतचं आवडत नसे. त्यांनी जेवणाच्या टेबलावर एक जाड फळी ठोकली. एका टोकाला जुना कॅमेरा, त्याला बारीक वस्तू मोठी दिसावी म्हणून उलटी लावलेली लेन्स. दुसऱ्या टोकाला मायक्रोस्कोपचं धूड आडवं, आणि स्क्रूने सरकणाऱ्या भागावर बुचात खोचलेली टाचणी. दिव्याचा उजेड मऊ करायला दह्याचा पांढरा डबा कापून लावला.

रविवारी दहाला बहिणीचा फोन यायचा. आठवड्यात वाजणारा तेवढाच एक फोन.

"ताई, जेवतेस कुठे मग?"

"उभ्याने."

"एका मेलेल्या माशीसाठी? अगं, जिवंत माणसांना बोलाव की कधी घरी!"

"जिवंत माणसं हलतात," मावशी म्हणाल्या आणि फोन ठेवला.

हलणं हाच वैरी होता. फ्रीजच्या थरथरीने फोटो हलत, म्हणून त्या फ्रीज बंद करत. दोनदा दूध नासलं. प्रत्येक फोटोआधी त्या चौतीस वर्षांच्या सवयीने पोरांना सांगावं तसं मोठ्याने म्हणत, "डोळा लावा, हात काढा." मग श्वास रोखत. खोलीत दुसरं होतंच कोण श्वास घ्यायला?

तरी पहिल्या ऐंशी फोटोंतून चित्र निघालं ते भुताचं. मिशा तीन, एक पाय मधोमध तुटलेला. मावशींनी कॉम्प्युटरला शिव्या दिल्या. दुसऱ्या खेपेलाही तेच. त्यात दिव्याच्या उबेने डिंक सुटायला लागला आणि माशी टाचणीवर कलली. आता एकच खेप हाती होती.

त्या दिवशी त्यांनी कॅमेऱ्याकडे न बघता स्वतःच्या हाताकडे पाहिलं, आणि चोर सापडला. मायक्रोस्कोपवर बसलेला हात स्क्रू पुढे नेतो, मग चव घेतल्यासारखा किंचित मागे आणतो. आयुष्यभर त्यांनी पोरांना हेच शिकवलं होतं. पण स्क्रूच्या दात्यांत थोडी मोकळीक असते. मागे फिरवला की पुढची पायरी त्या मोकळिकीतच जिरते, आणि माशी जागची हलत नाही. नुसतं बघायला ते चालतं, इथे सगळा हिशेब विस्कटत होता.

हाताला समजावून उपयोग नव्हता. मावशींनी चावीचं जुनं गजराचं घड्याळ खोललं, त्यातलं एकाच बाजूला फिरणारं चाक आणि त्याची खिट्टी काढून स्क्रूच्या दांड्यावर बसवली. आता मागे जायचं म्हटलं तरी जाता येईना. कट्. डोळा लावा, हात काढा. कट्. असं ऐंशी वेळा.

चित्र उमटलं तेव्हा त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. पंखाच्या कडेची झालर, मानेवरची निळी चकाकी, मिशीवरचा एकेक केस. बाजूला वळून "बघ" म्हणावं असं त्यांना वाटलं. बाजूला फ्रीज होता, बंद.

चष्मिसचं उत्तर तीन दिवसांत आलं. "मावशी, ही अगदी साधी जात आहे. बागेबागेत सापडते, नावही केव्हाच दिलेलं आहे. पण फोटो कोणत्या मशीनवर काढलात? आमच्याकडे इतका स्वच्छ येत नाही."

मावशींनी सगळं लिहिलं. दह्याचा डबा, घड्याळाचं चाक, मागे फिरण्याची खोड. तीन पानं भरली. आकृती काढून तिचा फोटोही जोडला. त्यावर महिनाभर काही आलं नाही. पुढेही आलं नाही.

रविवारी बहिणीने विचारलं, "काय म्हणाला तुझा तो?"

"साधीच निघाली."

बहीण पहिल्यांदाच काही टोमणा मारेना. एवढंच म्हणाली, "मग आता टेबल मोकळं करशील ना, ताई?"

खिडकीच्या चौकटीवरून सकाळी उचललेलं एक मेलेलं चिलट टाचणीवर वाळत होतं. डिंक अजून ओला होता.

"नंतर बोलू," मावशी म्हणाल्या. "मला फ्रीज बंद करायचाय."