गवती चहाचा वास

करोनाच्या दुसऱ्या लाटेत मालिनीताई आजारी पडल्या आणि बऱ्याही झाल्या. फक्त वास येणं तेवढं बंद झालं. एवढ्या माणसांचे जीव जात असताना नाकाचं काय घेऊन बसायचं, असं वाटून त्यांनी बरेच दिवस कोणाला सांगितलंही नाही.

त्यांचं घर पंचवटीत. पती बाळाजी गुरुजी रामकुंडावर पौरोहित्य करतात. थंडीत पहाटे अंघोळ करून नदीकाठी जायचं म्हणजे पोटात काहीतरी गरम हवं, म्हणून मालिनीताईंनी लग्नानंतर सुका गवती चहा करून ठेवायला सुरुवात केली. पुढे तो सगळ्या घराचा झाला. घरी येणाऱ्या यात्रेकरूंनाही तोच मिळायचा.

दिवाळी उलटली की वर्षाचा साठा व्हायचा. पात धुऊन, निथळून, कात्रीने कापून सुती पंचावर सावलीत पसरायची. तुळस आणि पुदिना वेगळा वाळवायचा. सुंठ, ज्येष्ठमध, वेलदोडे खलबत्त्यात जाडसर कुटायचे आणि सगळं एकत्र करून बरणीत भरायचं. कशाचंही माप नव्हतं. मूठ नाकाशी धरायची आणि काय कमी, काय जास्त ते ठरवायचं.

आजारपणाच्या वर्षीही त्यांनी सवयीने सगळं तसंच केलं. मधेच अवकाळी पाऊस झाला, हवा दमट राहिली. पानं वरून वाळल्यासारखी दिसली आणि त्यांनी बरणी भरली.

काही आठवड्यांनी जालन्याचं एक जोडपं वडिलांच्या श्राद्धासाठी आलं होतं. त्यातल्या बाईंनी एक घोट घेतला आणि कप हळूच खाली ठेवला.

"साखर कमी पडली का?" मालिनीताईंनी विचारलं.

"नाही हो. मला चहाची सवय नाही फारशी," त्या म्हणाल्या.

पाहुणे गेल्यावर मालिनीताईंनी सुनेला हाक मारली. इराचं आणि त्यांच्या मुलाचं, आल्हादचं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती एका कंपनीत हिशेबाचं काम करायची, तेही घरूनच.

"इरा, खरं सांग. आजारपणापासून मला वास येत नाही. काय झालंय चहाला?"

"कुबट वास येतोय, आई. बरेच दिवस येतोय."

"मग बोलली का नाहीस?"

"बाबांनी नको म्हणून सांगितलं. म्हणाले, तिला वाईट वाटेल."

गुरुजी रोज पहाटे तो कुबट चहा मुकाट्याने पीत होते. आल्हाद बेसिनमध्ये ओतत होता. मालिनीताईंना चहा बिघडल्यापेक्षा हे जास्त लागलं. घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि ज्या बाईने तो केला तिलाच माहीत नव्हतं. सकाळी घंटागाडी आली तेव्हा त्यांनी अख्खी बरणी ओल्या कचऱ्यात रिकामी केली. पुढच्या वर्षी त्यांनी गवती चहाचं नावही काढलं नाही. दुकानातून त्याची तयार पाकिटं आली. गुरुजी साधा चहा पिऊन जाऊ लागले.

त्यानंतरच्या दिवाळीनंतर मात्र इरा बुधवारच्या बाजारातून भली मोठी जुडी घेऊन आली. मखमलाबादच्या गोजराबाई तिथे भाजी आणि फुलं घेऊन बसतात. वर्षानुवर्षं मालिनीताई त्यांच्याकडूनच पात घ्यायच्या.

"गोजराबाई विचारत होत्या," इरा म्हणाली. "ताई लय दिस झालं दिसल्या नाय, बऱ्या हायेत ना, म्हणून."

"आणि हे कशाला आणलंस?"

"करायला. वास मी घेईन. तुम्ही फक्त काय शोधायचं ते सांगा."

"तुला ऑफिसचं काम कमी आहे का?"

"आहे की भरपूर. पण ते पाकिटातलं मलाही आवडत नाही."

मालिनीताई उठल्या आणि पात धुवायला घेतली.

पहिले काही दिवस दोघींची बरीच ओढाताण झाली. पानं हुंगून इरा नुसती "छान येतोय" म्हणायची. "छान म्हणजे कसा?" असं विचारलं की तिला शब्द सुचायचे नाहीत. हळूहळू ती सांगू लागली: आज गवत कापल्यासारखा, आज शाळेतल्या ओल्या फडक्यासारखा. ओल्या फडक्यासारखा म्हटलं की मालिनीताई ती पानं पुन्हा पसरायच्या. याच दिवसांत त्यांच्या हातांना आणि कानांना नवीन गोष्टी कळू लागल्या. पुरती वाळलेली पात चुरताना कुरकुरते, नुसती वाकत नाही. सुंठीचा झणका आणि पुदिन्याचा गारवा नाकाला अजूनही लागतो, हेही त्यांच्या ध्यानात आलं. तरी खात्रीसाठी त्यांनी मूठभर पानं छोट्या काचेच्या बरणीत घट्ट बंद करून ठेवली. दुसऱ्या दिवशी काचेवर वाफ धरली नव्हती, तेव्हाच मोठी बरणी भरली.

गुरुजींनी पहिला कप घेतला. दोघी समोर उभ्या.

"खरं सांगायचं हं," मालिनीताई म्हणाल्या. "आता लपवायचं नाही."

"सुंठ थोडी जास्त आहे," गुरुजी म्हणाले. "पण मला अजून एक कप दे."

गेल्या हिवाळ्यात गॅलरीत बसून मालिनीताई पात कापत होत्या. कात्री मधेच थांबली.

"इरा, इथे लिंबू कापून ठेवलंय का कोणी?"

इरा लॅपटॉप बाजूला ठेवून बाहेर आली. "लिंबू नाही, आई. पातच आहे."

मालिनीताईंनी कापलेली पात चुरून नाकाशी धरली. तेवढ्यात वास गेला होता. इरा शेजारी बसली आणि पात कापू लागली. आठवड्याभराने तो पुन्हा आला, या वेळी जरा जास्त वेळ टिकला. मग कधीतरी देवघरात कापूर कळला. तुळस अजून कळत नाही. डॉक्टर म्हणतात, येईल, वेळ लागेल. तोवर तुळशीचं प्रमाण इराच ठरवते.

यंदा निफाडला इराच्या आईकडेही एक बरणी गेली. फोनवर मालिनीताई विहीणबाईंना सांगत होत्या, "गॅसजवळ ठेवू नका. रोजच्यापुरता छोट्या डब्यात काढा, मोठी बरणी सारखी उघडू नका. आणि चमचा कोरडा हवा बरं का."

"संपला तर?" पलीकडून विचारलं गेलं.

"संपू द्या की. गोजराबाईंच्या बांधावर पात भरपूर आहे," मालिनीताई म्हणाल्या आणि फोन इराच्या हातात दिला.