वाचले, हरकत नाही

"कापा ताई, बिनधास्त कापा. पन रगत नाही निघालं पायजे," असं म्हणत काका हस्तलिखित माझ्या टेबलावर ठेवायचे आणि दोन्ही हातांनी दाबून धरायचे. मी ओढायची, ते सोडायचे नाहीत. पहिल्यांदाच पुस्तक लिहिणारा माणूस ओळखायचा असेल तर ही खूण लक्षात ठेवा.

छत्तीसगढची राजधानी झाल्यावर रायपुरात पाट्या वाढल्या, साहेब वाढले आणि लेखकही वाढले. मी अमरावतीहून एका सरकारी कार्यालयात अनुवादक म्हणून आले होते. चौबे कॉलोनीत खोली घेतली आणि पहिल्याच वर्षी मराठी मंडळाच्या गणेशोत्सवाची स्मरणिका तपासून देण्याचा गाढवपणा केला. तेव्हापासून मी 'संपादक'. आमच्या गल्लीतले हे काका मालगाडीचे निवृत्त गार्ड, मूळचे वर्धेकडचे. बायको वारलेली, मुलगा बंगलोरला. रेल्वेच्या जुन्या वह्यांत त्यांनी पेन्सिलीनं चारशे पानांचं आत्मचरित्र लिहिलं होतं आणि ते स्वतःच छापणार होते. भनपुरीतला एक छापखानाही ठरला होता. तो एरवी तांदळाच्या पोत्यांवर नावं छापायचा.

"पोती छापणारा पुस्तक छापेल का?" मी विचारलं.

"काहून नाही छापणार? पोतं धुतलं तरी शाई नाही निघत त्याची."

वाचायला बसले तर पहिली साठ पानं आजोबांचीच. काकांचा जन्म एकसष्टाव्या पानावर झाला. मी आजोबांना कापलं. काका आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी चिवड्याचा डबा घेऊन आले आणि म्हणाले, "बुढ्याले एक परिच्छेद तरी द्या. त्यानं का बिघडवलं तुमचं?" मी दिला. चिवडा चांगला होता.

पण खरा घोळ वेगळाच होता. जन्मभर गार्डाची नोकरी केलेल्या माणसाला सहीशिवाय कागद म्हणजे कागदच वाटत नाही. ज्याचं ज्याचं नाव पुस्तकात आलं, त्याच्या त्याच्या घरी काका ते पान घेऊन जायचे आणि समासात लिहून घ्यायचे, 'वाचले, हरकत नाही', खाली सही. आता सांगा, स्वतःबद्दलचं खरं वाचून हरकत नसलेला माणूस तुम्ही पाहिलाय का? मावशींनी आपलं वय काढायला लावलं. साडूनं लग्नातलं भांडण काढायला लावलं, आणि त्या लग्नात भांडणाशिवाय काही घडलंच नव्हतं, म्हणून अख्खं लग्न गेलं. कॉलोनीतल्या एका गृहस्थांनी फक्त एवढंच सांगितलं की माझी लूना लिहू नका, स्कूटर लिहा. दिवाळीपर्यंत चारशे पानांची एकशे दहा पानं उरली. गेलेल्यांतली माझ्या कात्रीची आजोबांची तेवढी साठ, बाकी सगळी सह्यांनी खाल्ली.

"काका, हे आत्मचरित्र आहे की ना-हरकत प्रमाणपत्र?" मी ओरडलेच.

"ताई, सही झाल्याबिगर गाडी सोडली नाही मी कधी," ते म्हणाले. मग वही मिटत म्हणाले, "एकडाव सोडली."

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका वेगळ्या पाकिटातून सहा पानं काढून माझ्यापुढे ठेवली. या वेळी हातानं दाबून धरली नाहीत.

त्यांत होतं ते असं: एका सायडिंगात, म्हणजे बाजूच्या रुळावर, मालगाडी मागे घेत होते. अशा वेळी इंजिनातल्या ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, तो गार्डाच्या झेंडीवर विसंबून असतो. काका एका हातानं जेवणाचा डबा उघडत होते. दुसऱ्या हातानं त्यांनी न बघताच हिरवी झेंडी दाखवली. रूळ मोकळा नव्हता. दोन वॅगन घसरल्या. माणूस कुणी दगावला नाही, पण चौकशी बसली. काकांनी सांगितलं, मी लाल दाखवली होती. ड्रायव्हर म्हणत राहिला, हिरवी होती. साहेबांनी गार्डाचं मानलं. डोळे न तपासताच, ड्रायव्हरला रंग ओळखता येत नाही असा शेरा मारून इंजिनावरून उतरवलं आणि शेडमध्ये बसवलं. दोघं जिवलग दोस्त होते. त्या दिवसानंतर वीस-बावीस वर्षं काका गुढियारीला, त्याच्या पाऱ्यात म्हणजे मोहल्ल्यात, गेले नव्हते. आमच्या कॉलोनीतून स्कूटरनं पंधरा मिनिटं लागतात.

"बाकीचं पुस्तक उगाच लिवलं ताई," काका म्हणाले. "हे एवढं एकटं कसं छापावं? लाज वाटते."

एवढ्या दिवसांत त्यांनी लिहिलेलं मला पहिल्यांदाच आवडलं. शब्दालाही हात लावायची गरज नव्हती. मी म्हटलं, उठा, सही आणू. आणि त्यांना स्कूटरवर मागे बसवून गुढियारीला नेलं.

ड्रायव्हर छत्तीसगढी माणूस, धिप्पाड, अंगणात खाटेवर बसलेला. काकांना बघून तो उभा राहिला आणि नुसता उभाच राहिला. मग चहा आला. काका तासभर बोलले. गुडघे, ऊन, पेन्शनीचे फॉर्म, बंगलोरची भाडी, सगळं बोलून झालं. निघताना पाकीट त्याच्या हातात कोंबून म्हणाले, "ये पढ़ के सही कर देना, भाई."

"हव," ड्रायव्हर म्हणाला.

अर्ध्या रस्त्यात माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "काका, त्यांना मराठी येतं?"

"नाही."

"मग ते वाचणार काय, कपाळ?"

"अक्षरं त सारखीच हायेत ना."

मी स्कूटर रस्त्याच्या कडेला घेतली आणि या सत्तरीच्या माणसाला भर रहदारीत झापलं. इतकी वर्षं थांबून, इथवर येऊन, तोंडानं दोन वाक्यं सांगायला काय झालं होतं?

"तोंडानं सांगता आलं असतं त पुस्तक काहून लिवलं असतं?" ते हळूच म्हणाले. मी स्कूटर सुरू केली.

मग दर रविवारी, "सही आली काय?" जसं काही मी पोस्टमास्तर. मी म्हणायची, जाऊन विचारा. ते म्हणायचे, येत्या मंगळवारी. छापखान्याचे फोन यायचे. दोनदा मुद्रितं तपासून झाली, पण काका छापू देईनात. असे किती मंगळवार गेले. मे महिन्यात एका दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मला त्यांचा भयंकर राग आला. मग घरी येऊन, त्यांच्याच वहीवर डोकं ठेवून मी रडले.

तेराव्यानंतर मुलगा म्हणाला, "दीदी, छपवा दो. पापा का बहुत मन था." सहा पानं तेवढी गुढियारीत राहिली होती. ती आणायला मी गेले आणि काका गेल्याचं ड्रायव्हरला सांगितलं.

ड्रायव्हरनं आतून प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं पाकीट आणलं. सहाही पानांवर वळणदार सही होती.

"मराठी तो समझ नइ आइस," तो म्हणाला. "दोस्त बोला था, तो कर दिया."

"मग पाठवलं का नाही?" मी हिंदीतच विचारलं.

"वो खुद लेने आएगा, सोचा था."

सह्या झालेल्या होत्या. पानं घेऊन मला उठता आलं असतं. पण काकांनी जे केलं तेच आता मी करणार होते, हे लक्षात आलं आणि मी खाली बसले. "पढ़ के सुनाऊँ?" विचारलं. त्यानं मान डोलावली. मराठीवर बोट ठेवत मी हिंदीत सांगत गेले. डबा आला. झेंडी आली. "मैंने हरी दिखाई थी. पूछताछ में लाल बताई."

त्यानं हात वर केला. "फिर से पढ़ो, बाई."

मी पुन्हा वाचलं. तो म्हणाला, "उस दिन से बाजार में टमाटर भी मैं नहीं छाँटता. घरवाली को पूछता हूँ, पका है कि कच्चा."

पुढची पानं त्यानं वाचू दिली नाहीत. खाटेवरून उठला, स्वयंपाकघराच्या दाराशी गेला, चौकटीला हात टेकला आणि आत बायकोला छत्तीसगढीत म्हणाला, "सुनत हस ओ? मोर आँखी ठीक रिहिस."