फेन्समधला फुटका कप

आई नागपूरहून स्टॅनमोरला आल्यापासून तिने एकच धोशा लावला होता. "तुमचं लंडन पुरे झालं, मला खरं इंग्लंड दाखव." खरं इंग्लंड म्हणजे तिच्या मनात डोंगर, मेंढ्या आणि दगडी घरं. माझ्या वाट्याला येतं ते इंग्लंड वेगळं असतं. मी वकील आहे, कौटुंबिक आणि दिवाणी केसेस करते, आणि माझे बरेचसे अशील रोमानी जिप्सी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या कॅराव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात, राहणारी ही माणसं. कौन्सिल, म्हणजे इथली पालिका, त्यांना जागा देते तीही गावाबाहेर, जिथे दुसऱ्या कुणाला राहायचं नसतं. मार्चमध्ये लिंकनशायरला सुनावणी लागली, तेव्हा आईला म्हटलं, चल, हे इंग्लंड बघ. (जिची ही हकीकत आहे तिला विचारूनच लिहिते आहे. नावं आणि ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.)

स्टॅनमोरहून ए-वन हायवे गाठायचा आणि पीटरबरोपर्यंत सरळ उत्तरेला जायचं. तिथून पुढे फेन्स सुरू होतात. हा दलदल उपसून काढलेला मुलूख, ताटासारखा सपाट. काळी माती, कोबीची शेतं, आणि रस्त्याला लागून खोल कालवे. त्यांना इथे ड्रेन म्हणतात. गाडी चालवणाऱ्यांना सांगते, हे रस्ते दिसायला सरळ, पण अचानक काटकोनात वळतात आणि कडेला कठडा नसतो. अंधार पडायच्या आत पोचा. खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणसाला पबमध्ये जॅकेट पोटॅटो, म्हणजे सालासकट भाजलेला बटाटा, आणि वर बीन्स, एवढंच. आम्ही ईलिंग रोडच्या देशी बाजारातल्या मेथीचे पराठे बांधून नेले होते, त्यावर निभावलं.

एका पबच्या वरच्या मजल्यावर खोली घेतली. स्वच्छ, स्वस्त, समोर चर्च. आईने आत पाऊल टाकलं आणि थबकली. चहाची किटली आणि कप ठेवलेला ट्रे बाथरूमच्या दाराला चिकटून होता.

"संडासाच्या दाराशी चहा?" ती म्हणाली. "आणि हे लोक आपल्याला शिकवणार स्वच्छता."

तिने ट्रे उचलून खिडकीत नेला, कप दोनदा विसळले आणि मगच पलंगावर बसली. मी हसून घेतलं.

दुपारी आईला चर्च बघायला सोडून मी अशिलाला भेटायला कॅराव्हॅनच्या साइटवर गेले. एका बाजूला हायवे, दुसऱ्या बाजूला सांडपाण्याचा प्लांट, मधे कुंपणात दहा-बारा कॅराव्हॅन. माझी अशील रोझी दारातच उभी होती. साठीची, कानात सोन्याच्या मोठ्या रिंगा, एप्रनला कडक इस्त्री. तिची मुलगी गेल्या वर्षी वारली, तेव्हापासून सहा वर्षांची नात लीना तिच्याजवळ आहे. कौन्सिलचं म्हणणं होतं की लीनाला दूरच्या शहरात, पक्क्या घरातल्या, परक्या मुलांना सांभाळणाऱ्या फॉस्टर कुटुंबाकडे द्यावं. दुसऱ्या दिवशी कोर्ट ठरवणार होतं.

कॅराव्हॅन आतून आरशासारखी चकचकीत होती. कौन्सिलच्या सोशल वर्करने मात्र पाहणी करून लिहिलं होतं की आत संडास नाही, सिंक वापरात नाही, मुलीला बाहेर पातेल्यातल्या पाण्याने हात धुवायला लावतात. सगळ्यात वाईट शेवटचं होतं. आजीने रागाच्या भरात, मुलीच्या देखत, घरी आलेल्या सोशल वर्करसमोरच कप फोडला.

"रोझी, कप का फोडलात?" मी विचारलं.

"कामातून गेला होता."

"म्हणजे?"

"म्हणजे कामातून गेला होता, पोरी. चहा घे."

तीन-चार वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारून पाहिलं. तेच उत्तर. मला खरंच राग यायला लागला. नात हातची चाललीय आणि ही बाई तोंड उघडेना. शेवटी चहा संपवून उठले. आपल्याकडचं वळण, दुसऱ्याच्या घरी उष्टा कप तसाच ठेवून उठवत नाही. पायरीशी स्टीलची दोन पातेली होती, पाण्याने भरलेली. जवळच्यात मी कप बुडवला आणि विसळून तिच्या हातात दिला.

रोझीच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळलेपण होतं. सोनेरी काठाचा सुंदर कप. तिने तो फडक्यात गुंडाळला, पायरीवर हलकेच आपटून फोडला आणि कचऱ्यात टाकला.

"मी काय केलं?"

"काही नाही. तुला कसं माहीत असणार?"

"रोझी, त्या सोशल वर्करनेही हेच केलं होतं ना?"

तिने आधी दार ओढून घेतलं. मग अगदी हळू आवाजात सांगितलं. ते पातेलं हातापायांचं. दुसरं भांड्यांचं. अंगाला लागलेल्या पाण्यात कप गेला, की तो तोंडाला लावायचा नाही, कितीही घासला तरी. फोडायचा अशासाठी, की कुणी चुकून उचलून वापरू नये. झोपतो-जेवतो त्या खोलीला लागून संडास नको. सिंकमध्ये हातही धुतात आणि भांडीही, म्हणून सिंकच नको.

"मग तिला हे सांगितलं का नाही?"

"माझ्या घरी आलेल्या बाईला सांगू, तू माझा कप विटाळलास? आणि सांगितलं असतं तर तिने काय लिहिलं असतं?"



परतताना कोबीच्या शेतांमधून गाडी हळू चालवत आले. केसबद्दल आईला एक अक्षर सांगता येत नव्हतं. पराठे खाताना मी नुसतं विचारलं, "आई, भांड्यांच्या सिंकमध्ये कुणी चूळ भरली तर तुला काय होतं गं?"

"शिसारी येते," ती म्हणाली. "पण तुझ्या आत्याकडे कामवालीचा कप वेगळा असायचा ना, त्याचीही मला शिसारी यायची. पाणी कुठलं, हे बघावं. माणूस कुठलं, ते कशाला बघायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टाच्या आवारात रोझीला सांगितलं, हे सगळं तुमच्या तोंडून यायला हवं. तिचा चेहरा उतरला. धुण्याबिण्याच्या गोष्टी त्यांच्यात पुरुषांसमोर काढत नाहीत. न्यायाधीश पुरुष होते, कौन्सिलचा वकीलही.

"माझी नणंद परवानगी घेऊन मागे बसणार आहे," ती म्हणाली. "सगळ्या साइटला कळेल."

"मी समजावून सांगेन, पण माझ्या सांगण्याला तेवढं वजन नाही, रोझी."

आधी सोशल वर्करची साक्ष झाली. तरुण मुलगी, थकलेली, वाईट बिलकुल नाही. मी विचारलं, कप फुटण्याआधी तुम्ही काय करत होतात? ती म्हणाली, "मी तो धुतला होता. मदत म्हणून." कोणत्या भांड्यात? तिला आठवेना. म्हणाली, पायरीशी जे होतं त्यात.

मग रोझी उभी राहिली. नजर जमिनीवर, कान लाल. हाताचं पातेलं, भांड्यांचं पातेलं, अंतर्वस्त्रं वेगळी का धुतात, संडास लांब का. न्यायाधीशांनी दोनदा थोडं मोठ्याने बोलायला सांगितलं आणि तिने दोन्ही वेळा मोठ्याने सांगितलं. माझे डोळे भरून आले. तिच्या वकिलाने नव्हे, तिच्या मुलीने करावं असं काहीतरी करून तिला तिथून उठवावं, असं वाटत होतं. पण मी प्रश्न विचारत राहिले, कारण ते माझं काम होतं.

तिची नणंद मधेच उठून बाहेर गेली.

सोशल वर्करने परवानगी मागून सांगितलं, "मला वाटलं होतं, त्या माझ्यावर चिडल्या. ते वाक्य मी मागे घेते." न्यायाधीशांनी लीनाला तूर्त आजीकडेच ठेवलं आणि या समाजाची माहिती असलेल्या माणसाकडून नवी पाहणी करायला सांगितली.

येताना आईला वाटेतल्या फार्म शॉपमध्ये नेलं. तिने तिथली बीटरूटची चटणी घेतली, कडेच्या कालव्याचे फोटो काढले आणि इंग्लंड बरंच रिकामं आहे असं मत दिलं. तुम्हीही जा. ट्युलिप बघायचे तर एप्रिल-मेमध्ये जा. कॅराव्हॅनची साइट दिसली तर फोटो काढायला आत मात्र शिरू नका, ती माणसांची घरं आहेत.

आई परत गेली. उन्हाळ्यात रोझीचा फोन आला. कोर्टाचा अंतिम हुकूम झाला होता, लीना मोठी होईपर्यंत तिच्याकडेच राहणार. मी अभिनंदन केलं आणि नणंदेची चौकशी केली.

"त्या दिवसापासून बोलत नाही. तिची कॅराव्हॅन माझ्या शेजारीच आहे. दार उघडलं की समोर तीच." मग म्हणाली, "चाळीस वर्षं सकाळचा चहा आम्ही एकत्र प्यायचो."

मी म्हटलं, "मला माफ करा, रोझी."

"कशाबद्दल? थांब जरा."

तिने बहुतेक फोन दाराबाहेर धरला. लांब कुठेतरी एक मुलगी कुत्र्यावर ओरडत होती, हसत होती, पुन्हा ओरडत होती.  फोन आम्ही दोघींनीही बराच वेळ ठेवला नाही.