रॅमला मारलेली कानस

हसणार असाल तरच सांगतो. कारण हा किस्सा ऐकून कोणी हळहळलं की मला जास्त लागतं!

तर मंडळी, मी एकदा कॉम्प्युटर बनवला. विकत नाही घेतला, बनवला. गेम खेळायचा कॉम्प्युटर, एकेक पार्ट स्वतः निवडून. आणि तो बनवताना जो पराक्रम केला, तो आमच्या खानदानात आजवर कोणी केलेला नाही.

आम्ही तेव्हा नारपोलीत राहायचो. वर आमची खोली, खाली कापड विणायच्या लूमचा कारखाना. खट्टाखट खट्टाखट, दिवस-रात्र. टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला की तो आपोआप कडेला चालत जायचा. आमच्या गल्लीत तान्हं मूल रडतंय हे कानाने कळत नसे, त्याचं तोंड बघून कळायचं. घरात भांडणंसुद्धा हातवारे करून व्हायची. फक्त शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी अशी शांतता पसरायची की आम्हाला झोपच लागत नसे.

बाबा त्याच कारखान्यात फिटर. लूमचा कुठलाही पार्ट कुठल्याही लूमला बसवणार. एखादा चक्का मापात आला नाही, की कानस घेऊन घासायला बसलेच. "बसत न्हाय म्हंजे? त्याला बसवावा लागतो!" हे त्यांचं आयुष्याचं तत्त्वज्ञान.

मी मानकोलीच्या एका मोठ्या गोदामात. लोकांनी ऑनलाइन मागवलेला माल तिथून जायचा. मदरबोर्ड, ग्राफिक कार्ड, रॅम, सगळ्यांचे खोके माझ्या स्कॅनरखालून जायचे. खोक्यांवरचं वाचून वाचून मला सगळं तोंडपाठ! आता खोक्याच्या आत काय असतं, ते कधी बघितलं नव्हतं, हे खरं. पण गोदामात खोका उघडला तर नोकरी जाते हो!

गल्लीला मात्र हे कोण सांगणार? गल्लीत मी कॉम्प्युटरवाला. आणि माझा सगळ्यात मोठा भक्त म्हणजे अस्लम.

अस्लम खालच्या कारखान्यात लूम चालवायचा. माझ्याच वयाचा. दर शुक्रवारी त्याची सुट्टी, मीही माझी सुट्टी मुद्दाम शुक्रवारी मागून घेतलेली. मग आम्ही दोघं समोरच्या रफिकचाचांच्या सायबर कॅफेत. मारामारीचा एक जुना गेम होता. एकच कॉम्प्युटर, एकच कीबोर्ड. डावीकडची बटणं त्याची, उजवीकडची माझी. कोपराला कोपर लागायचं, तो हरायला लागला की मला ढकलायचा, मी हरायला लागलो की लाईट गेल्यासारखा ओरडायचो. चाचा गल्ल्यावरून म्हणायचे, "अरे, मशीन को मारो मत, एक दूसरे को मारो!"

काय दिवस होते! आता माझ्याकडे चांगला मोबाईल आहे, त्यात हवे तेवढे गेम आहेत. पण मोबाईलवर खेळताना कोणाचं कोपर लागत नाही, आणि ते मला फार खटकतं.

मग दोन गोष्टी एकदमच झाल्या. कॅफेत कोणी येईना म्हणून चाचांनी दुकान बंद करायचं ठरवलं. आणि अस्लमच्या मामाने त्याला सुरतेला बोलावून घेतलं. तिथे लूमवर कायमचं काम. शनिवारी निघायचं.

अस्लम जिन्यात बसून म्हणाला, "सिद्धू भाई, चाचाचं दुकान तर बंद. लास्ट शुक्रवार कुठे खेळायचं रे?"

त्याचा चेहरा एवढासा झाला होता. आणि कोणाचा चेहरा पडला की माझं तोंड सुटतं. मी म्हणालो, "कुठे म्हणजे? माझ्या घरी! मी कॉम्प्युटर बनवतो."

"खुद बनायेगा?"

"मग काय तुझे मामा बनवणार?"

झालं! अस्लमने ही बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीच्या टोकापर्यंत पोचवली. आता माघार नाही.

जुना मदरबोर्ड, प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड कल्याणच्या एका दुकानातून उचललं. दुकानदार भला माणूस. म्हणाला, "या बोर्डला जुन्या पिढीची रॅम लागते बरं का. नवीन चालणार नाही."

मी मनात हसलो. म्हटलं, हा मला शिकवतो? रोज पोत्याने रॅम पाठवणाऱ्या माणसाला? आणि नवीन का चालणार नाही? जुन्या पायात नवी चप्पल जातेच ना! मी आपली गोदामात जिचा खोका मला सगळ्यात आवडायचा, ती चकचकीत नवी रॅम मागवली.

आमच्या बौद्ध घरात लग्नाला पत्रिका बघत नाहीत. त्यामुळे दोन गोष्टी एकमेकांना जुळतात की नाही हे आधी बघायचं असतं, ही सवयच मला नव्हती!

हार्डडिस्क चाचांनी कॅफेतली काढून दिली, आमच्या गेमसकट. सगळं जोडलं. राहिली रॅम. अस्लम मोबाईलचा टॉर्च धरून उभा. मी रॅम लावतो, ती बसेना. उलटी लावली, बसेना. रॅमच्या खालच्या कडेला एक खाच असते, आणि बोर्डाच्या फटीत एक दात असतो. खाच एकीकडे आणि दात भलतीकडे!

शहाण्या माणसाने इथे थांबून विचार केला असता. पण मी कोणाचा मुलगा?

"बाबा, ही खाच जरा बाजूला सरकवायला पाहिजे."

बाबा चष्मा लावून आले. रॅम हातात घेऊन उलटीसुलटी केली. "सिद्ध्या, ह्या पिवल्या पट्ट्या कसल्या? करंट जातो का काय ह्यातून?"

आता बघा, बाबांनी बरोब्बर विचारलं होतं. मी काय उत्तर द्यावं? "छे हो! ती नुसती शोभा आहे."

शोभा! सोन्याचा मुलामा दिलेल्या त्या पट्ट्यांतून रॅमचा सगळा जीव ये-जा करतो, आणि मी म्हणालो शोभा!

मग काय, बाबांनी रॅम वाइसच्या जबड्यात आवळली, सगळ्यात बारीक कानस काढली आणि फुंकर मारत मारत अशी सुरेख खाच पाडली, की बघत राहावं. अस्लम तर भारावला. "काका, क्या हाथ है आपका!" बाबा खूश. रॅम बसली. घट्ट बसली!

मी बटण दाबलं. पंखा फिरला, दिवे लागले. अस्लमने मला उचललंच. आणि स्क्रीन? काळी. ठार काळी.

आता मला काय वाटावं? रॅम तर बसली होती, म्हणजे तिच्यावर संशयच नको. दोष दुसऱ्या कोणाचा तरी! आधी पॉवर सप्लाय कमजोर ठरवला, तो बदलून आणला. काळी. मग ग्राफिक कार्ड बदलून आणलं. ते एवढं लांबलचक निघालं की कॉम्प्युटरच्या डब्यात मावेना. बाबांनी ग्राइंडरने डब्याची बाजू कापली, कार्डाचं नाक बाहेर. काळी. आई हॉस्पिटलातून ड्युटी संपवून आली, त्या कापलेल्या डब्याकडे बघून म्हणाली, "पेशंटला भूल तरी द्यायचीत."

कल्याणचा दुकानदार मला लांबून बघून शटर खाली ओढायला लागला.

आणि उजाडला शुक्रवार. अस्लमचा शेवटचा.

लूम बंद. शांततेमुळे रात्रभर जागलेले बाबा आता कुठे गाढ झोपलेले. अस्लम अंघोळ करून, नवा शर्ट घालून, खेळायला आला. लग्नाला आल्यासारखा! मला त्याच्याकडे बघवेना. मी डोळे मिटून बटण दाबलं.

आणि त्या शांततेत डब्याच्या पोटातून आवाज आला. "टींऽऽ... टींऽऽ... टींऽऽ..."

अहो, ते मशीन पहिल्या दिवसापासून बोंबलत होतं! रॅम, रॅम, रॅम म्हणून ठणाणा करत होतं! पण खालच्या खट्टाखटीत आमच्याकडे माणसाचं रडणं ऐकू जात नाही, तिथे मदरबोर्डचं कोण ऐकणार?

मला अर्थात तेव्हाही कळलं नाही. मी अस्लमला चहा आणायला पिटाळलं आणि खिडकीतून ओरडलो, "चाचा! जरा या ना!" रफिकचाचा समोर कॅफे आवरत होते. शुक्रवार होता म्हणून हाक पोचली.

चाचा आले. आवाज ऐकून त्यांनी थेट रॅमच उपसली. डोळ्यांजवळ धरली.

"सिद्धू बेटा, ये खाँचा किसने बनाया?"

मी झोपलेल्या बाबांकडे बघितलं. मग म्हणालो, "चाचा, अस्लमला काही सांगू नका. आज त्याचा शेवटचा दिवस आहे."

चाचा खाली जाऊन कॅफेच्या कॉम्प्युटरमधली जुनी रॅम घेऊन आले. एका बोटाने दाबली. टक् करून बसली. स्क्रीन उजळली, आणि खरं सांगतो, माझे डोळे भरून आले.

अस्लम चहाची किटली घेऊन दारात. स्क्रीनवर आमचा गेम. त्याने किटली खाली ठेवली आणि मला मिठी मारली. "काय केलंस भाई?"

"थोडं सेटिंग होतं."

"काका का कानस काम कर गया ना?"

इथे खरं बोलायला काय हरकत होती? पण तो माझ्याकडे असा काही बघत होता ना! मी म्हणालो, "मग? कानशीशिवाय होतं का हे!"

चाचांना चहाचा ठसका लागला.

आम्ही दिवसभर खेळलो. कोपराला कोपर लावून. संध्याकाळी तो उठला. लूम बंद असूनही आम्ही हातवाऱ्यांनीच निरोप घेतला.

काही महिने गेले. एक दिवस सुरतेहून त्याचा फोन.

"सिद्धू भाई, सेठच्या ऑफिसात नवी रॅम आणली. बसत नव्हती. सगळे घाबरले. मी बोललो, टेन्शन नाय, आपल्याला तरीका माहितीये."

"अस्लम... काय केलंस?"

"कानस मारली! एकदम काकांसारखी. पण स्क्रीन काळी आहे. तुझी ती सेटिंग राहिली ना! सेठ बोलला, जिसने सिखाया उसको बुलाओ."

फोनवर खरं सांगितलं असतं तर? त्याची नवी नोकरी, आणि सेठसमोर माझ्या नावाने फुगवलेली छाती! म्हटलं, नको. त्याच्याकडून बोर्डाचं नाव विचारून घेतलं, कोणती रॅम चालते ते चार जणांना विचारलं, बरोबर तीच घेतली आणि सुरत गाठली. ठरवलं होतं, गुपचूप रॅम बदलायची आणि अस्लमला बाजूला घेऊन सगळं कबूल करायचं.

ऑफिसात शिरलो, तर सेठ खुर्चीतून उठून उभे. "आइए, आइए, इंजीनियर साब!" सगळा स्टाफ गोळा झालेला. अस्लम अभिमानाने नुसता फुललेला. टेबलावर उघडा कॉम्प्युटर, आणि त्याच्या शेजारी पांढऱ्याशुभ्र रुमालावर एक नवीकोरी कानस.

सेठ हात जोडून म्हणाले, "अस्लम ने बताया था, तो खास बारीकवाली मँगाई है. चलेगी ना?"

मी खिशातली रॅम मुठीत घट्ट धरली. दुसऱ्या हाताने कानस उचलली, अंगठ्यावरून फिरवून बघितली, आणि म्हणालो, "चलेगी."